खजुराच्या कुजीवर अर्क: वेळ खलालातच साधा

ऑगस्ट-सप्टेंबरात बहरीनची हवा दमट होते आणि नेमका तेव्हाच बराच खजूर खलालचा (पूर्ण वाढलेल्या, पण अजून टणक फळाचा) कडकपणा सोडून रुतब (मऊ, पिकलेला) होऊ लागतो. मऊ पडलेल्या, साल तडकलेल्या फळात ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी शिरते आणि यीस्टमुळे फळ आंबते. खजूर आपण सालीसकट खातो. म्हणून काढणीच्या तोंडावर रासायनिक बुरशीनाशक नको, हा आग्रह रास्तच आहे, आणि वनस्पतींच्या अर्काला खरी जागा इथेच मिळते. मात्र बुरशी आत जाण्याआधी तो फळावर पडला पाहिजे. गरात वाढू लागलेल्या बुरशीपर्यंत तो पोचत नाही.

कोणता अर्क, हेही पारखून घ्यावे. आपली पहिली धाव कडुनिंबाकडे असते. पण 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कडुनिंबाच्या पानांच्या अर्काने ॲस्परजिलस पॅरासिटिकसमध्ये अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होणे रोखले, बुरशीची वाढ मात्र जवळपास तशीच राहिली. कडुनिंब किडींसाठी जरूर वापरा, कुजीसाठी एकट्या त्याच्यावर विसंबू नका. लसणातले ॲलिसिन आणि लवंगेतले युजेनॉल प्रयोगशाळेत बुरशीची वाढ स्पष्टपणे रोखतात. बागेत तेवढा गुण दिसत नाही, ही तक्रार खरी आहे: उन्हाळ्यात ॲलिसिन लवकर विघटित होते, आणि लवंगेचे तेल जास्त झाले तर साल भाजते. मग खटपट कशाला, असे कोणी विचारेल. फळ लवकरच खायचे असते, म्हणून टिकाऊ अंश न राहणे इथे फायद्याचेच आहे. फक्त अर्क ताजा हवा आणि घड आधी स्वच्छ हवा. सडकी फळे, वाळलेले देठ काढून बागेबाहेर नेले नाहीत, दाट घड विरळ करून हवा खेळती ठेवली नाही, तर कुठलाही अर्क वाया जाईल.

महाराष्ट्रात आपण संध्याकाळी फवारतो. इथे बहरीनमध्ये दमट रात्री फळ ओलेच राहील, म्हणून पहाटेचे दव सुकल्यावर, ऊन तापण्याआधी फवारा. अर्क फळाला चिकटावा म्हणून साबण घालत असाल तर तो कमीत कमी घाला, तो सालीवरचे मेण धुऊन नेतो. आधी एका घडावर अर्क, दुसऱ्यावर नुसते पाणी आणि तिसरा कोरा ठेवून फरक पाहा. रुतब दिसू लागताच फवारणी थांबवा, नाहीतर लसणाचा वास फळात उतरेल. त्यानंतर पिकतील तशी फळे निवडून उतरवत राहा.