मध्यरात्रीची घंटा आणि शरीराचे घड्याळ

तंजावूरचे मराठी राजे सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी १८०१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना एक पत्र लिहिले. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता. रामेश्वरच्या यात्रामार्गावर पूर्वजांनी उभारलेली अन्नछत्रे मात्र बंद पडू नयेत, अशी राजांची इच्छा होती. छत्रांत सर्व जातींच्या प्रवाशांना शिजवलेला भात मिळे; तो न चालणाऱ्यांना कोरडा शिधा दिला जाई. आजारी वाटसरूंवर उपचार करण्यासाठी वैद्य नेमलेले असत. अन्नदान मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवून, जे कोणी जेवावयाचे राहिले असतील त्यांनी यावे, असा पुकारा होत असे. हा सर्व तपशील राजांनी त्या पत्रात दिला आहे.

पायी चालून दमलेल्या यात्रेकरूला मध्यरात्री मिळणारा भात म्हणजे जीवदान होते. आज मात्र नाइलाजाने वा सवयीने रात्री उशिरा जेवणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यामुळे अन्न किती आणि कोणते, याबरोबरच ते केव्हा, हाही आरोग्याचा प्रश्न ठरला आहे.

शरीरातील घड्याळे

मानवी शरीराचे व्यवहार सुमारे चोवीस तासांच्या लयीने चालतात. या लयीमागील पेशींतील यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. मुख्य घड्याळ मेंदूत असते आणि डोळ्यांवर पडणाऱ्या प्रकाशावरून ते आपली वेळ जुळवून घेते. यकृत, स्वादुपिंड, आतडी यांचीही स्वतःची घड्याळे असतात. त्यांवर जेवणाच्या वेळेचा मोठा प्रभाव पडतो. उंदरांना केवळ त्यांच्या विश्रांतीच्या वेळी अन्न दिले असता यकृताचे घड्याळ मेंदूच्या घड्याळापासून फारकत घेते, असे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळून आले.

रात्री शरीरात मेलॅटोनिन हे संप्रेरक वाढते व झोपेची तयारी सुरू होते. याच काळात रक्तातील साखर आटोक्यात ठेवण्याची शरीराची क्षमता मंदावते. म्हणून तोच भात दुपारी खाल्ला तर साखर जितकी वाढते, त्याहून अधिक ती रात्री उशिरा खाल्ल्यास वाढते.

२०२१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १९ निरोगी तरुणांना रात्रपाळीसारखी दिनचर्या देण्यात आली. ज्यांनी रात्रीही अन्न घेतले त्यांच्या रक्तातील साखरेची सरासरी पातळी ६.४ टक्क्यांनी वाढली. फक्त दिवसा जेवणाऱ्यांमध्ये लक्षणीय वाढ आढळली नाही. २०२२ च्या दुसऱ्या प्रयोगात जादा वजनाच्या १६ व्यक्तींना तोच आहार सुमारे चार तास उशिरा देण्यात आला. तेव्हा त्यांची भूक वाढली आणि शरीराचा ऊर्जाव्यय घटला. हे प्रयोग लहान आहेत. तरी त्यांची दिशा एकच आहे.

झोपेशी नाते

भरल्या पोटी आडवे झाल्यास जठरातील आम्ल अन्ननलिकेत चढते, छातीत जळजळ होते व झोप मोडते. अपुऱ्या झोपेमुळे दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि गोड व तेलकट पदार्थांकडे ओढा राहतो. सकाळी भूक नसल्याने न्याहारी टळते आणि रात्रीचे जेवण पुन्हा जड होते. हे चक्र मोडण्यासाठी झोपण्यापूर्वी दोन ते तीन तास जेवण आटोपावे, असा सल्ला डॉक्टर देतात. आधीचे अन्न पचल्यावरच पुढचे घ्यावे, हे आयुर्वेदाचे सांगणेही याच्याशी जुळते.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक आहे. जेवणाची वेळ हे या रोगाचे एकमेव कारण नव्हे. परंतु विनाखर्च सुधारता येण्याजोग्या गोष्टींपैकी ती एक आहे. इन्सुलिन घेणारे रुग्ण व गर्भवती स्त्रिया यांनी मात्र वैद्यकीय सल्ल्याशिवाय जेवणांत दीर्घ अंतर ठेवू नये.

कावेरीच्या खोऱ्यातील न्याहारी

भाताचे कोठार समजल्या जाणाऱ्या तंजावूरच्या शेतकरी कुटुंबांत रात्रीच्या उरलेल्या भातात पाणी घालून ठेवण्याची जुनी चाल आहे. सकाळी हा आंबूस भात ताक व कांद्याबरोबर खातात. 'पळय सोरु' या नावाने ओळखली जाणारी ही न्याहारी कष्टकऱ्याला दिवसाच्या आरंभीच बळ देते. त्यासाठी वेगळी चूल पेटवावी लागत नाही.

शाळकरी मुलांच्या बाबतीत शासनानेही हीच वेळ साधली आहे. तामिळनाडूत प्राथमिक शाळांसाठीची मुख्यमंत्री न्याहारी योजना सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. २५ ऑगस्ट २०२३ रोजी ती राज्यातील सर्व सरकारी प्राथमिक शाळांना लागू झाली. या विस्ताराचा प्रारंभ तिरुक्कुवळै या गावी झाला. आज नागपट्टिनम जिल्ह्यात असलेले हे गाव १९९१ पर्यंत तंजावूर जिल्ह्यातच होते. दुपारचे भोजन शाळांत पूर्वीपासून होते. नव्या योजनेने उपाशीपोटी वर्गात बसण्याचे सकाळचे तास भरून काढले.

व्यवस्थेची जबाबदारी

वेळेवर जेवा, हा उपदेश सोपा आहे. पण बसचालक, परिचारिका, पहारेकरी किंवा सुगीत उघड्यावरील धानाची राखण करणारा शेतकरी यांची वेळ त्यांच्या हाती नसते. घरातील स्त्रीही सर्वांना वाढून झाल्यावर, सर्वांत उशिरा जेवते. पाळी सुरू होण्यापूर्वी गरम जेवण मिळणे, रात्री हलका आहार उपलब्ध असणे, पाळ्या वारंवार न बदलणे आणि कुटुंबाने एकत्र जेवणे हे उपाय मोठ्या खर्चाचे नाहीत. अर्थात, भुकेल्याला वेळेचे बंधन सांगता येत नाही. पोटभर अन्न ही पहिली गरज, वेळ ही दुसरी.

छत्रातील मध्यरात्रीची घंटा कोणीही उपाशी झोपू नये म्हणून वाजत होती. कोणालाही जेवणासाठी मध्यरात्रीपर्यंत थांबावे लागू नये, अशी व्यवस्था उभारणे हे त्याच परंपरेतील पुढचे पाऊल ठरेल.