कृतिसमूह आणि विकासकार्य : 'श्री' भातशेतीचा अनुभव

एकच काम प्रत्यक्ष करणारी माणसे परस्परांच्या अनुभवातून सातत्याने शिकत राहतात, तेव्हा जो समूह आकारास येतो त्यास 'कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस' अर्थात कृतिसमूह म्हणता येईल. जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांनी 1991 मध्ये ही संकल्पना मांडली. समान विषय, परस्परसंबंध आणि सामायिक कार्यपद्धती हे वेंगर यांनी सांगितलेले तीन घटक परीक्षार्थींना परिचित असतात. मात्र असे समूह कशामुळे टिकतात, हे केवळ व्याख्येवरून उमगत नाही. त्या दृष्टीने 'श्री' पद्धतीच्या भातशेतीचा इतिहास उद्बोधक आहे.

मादागास्करमध्ये आंरी द लोलानिए या फ्रेंच जेझुइट धर्मगुरूंनी 1980 च्या दशकाच्या प्रारंभी ही पद्धत शेतकऱ्यांसमवेत विकसित केली. आठ ते बारा दिवसांचे कोवळे रोप, एका जागी एकच, साधारण 25 सेंटिमीटर अंतरावर लावावयाचे. खाचरात सतत पाणी न तुंबवता जमीन आळीपाळीने ओली व कोरडी ठेवावयाची. आणि कोळप्याने तण मातीतच गाडावयाचे. 1990 मध्ये तेथे 'तेफी साइना' ही संघटना स्थापन झाली. पुढे कॉर्नेल विद्यापीठाचे नॉर्मन अपहॉफ यांच्या प्रयत्नांतून 1999 मध्ये चीन व इंडोनेशियात चाचण्या झाल्या. 2002 मध्ये चीनमधील सान्या येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तर 2006 मध्ये हैदराबाद येथे राष्ट्रीय परिसंवाद झाला.

या प्रसारामागे विकण्याजोगे नवे बियाणे वा रसायन नव्हते. साहजिकच हे ज्ञान शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे, फार तर स्वयंसेवी संस्था व कृषी विद्यापीठांच्या मध्यस्थीने पोहोचले. कोनोवीडर जड पडतो, अशी तक्रार भारतात अनेक ठिकाणी आली, तेव्हा स्थानिक कारागिरांनी हलके नमुने घडविले. 2004 मध्ये काही कृषिशास्त्रज्ञांनी विक्रमी उत्पादनाच्या दाव्यांना शास्त्रीय नियतकालिकांतून आव्हान दिले. हा वाद समूहास उपकारकच मानावयास हवा. केवळ समर्थकांचेच ऐकणारा समूह लवकरच प्रचारमंडळ बनतो.

खरी अडचण उद्भवते ती पद्धतीचे उद्दिष्टात रूपांतर झाल्यावर. पंधरा दिवसांची रोपे, एका जागी दोन लावणारा शेतकरी 'श्री' पद्धतीचा मानावयाचा की नाही? हेक्टर मोजणाऱ्या कार्यालयास ते अपूर्ण पालन वाटते. कृतिसमूहाच्या दृष्टीने मात्र ती मौलिक माहिती असते : कदाचित पाऊस लांबला असेल, कालव्याचे पाणी वेळेवर मिळाले नसेल किंवा कुशल मजूर उपलब्ध नसतील. मोजणीच्या रकान्यात ही कारणे मावत नाहीत.

सभासदत्वाचा प्रश्नही येथेच येतो. प्रशिक्षणास बहुधा जमीनधारक पुरुष येतात. लावणी मात्र बव्हंशी स्त्रिया, त्यातही मजूर स्त्रिया करतात. दहा दिवसांचे नाजूक रोप मुळांसह, न दुखावता कसे बसवावे, हे ठरते त्यांच्याच बोटांवर. ज्या बैठकीत त्यांना स्थान नाही, तिला कृतिसमूह हे नाव देणे कठीण आहे.