शेततळ्याचा गाळ

येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी कुकडी प्रकल्पाची पाच धरणे जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत असताना येथील बागायतदाराने शेताच्या कोपऱ्यात प्लास्टिकचा कागद अंथरून पाणी का साठवावे, असा प्रश्न परगावचा पाहुणा हटकून विचारतो. त्याचे उत्तर असे की, कालव्याचे आवर्तन सुटण्याचा दिवस आणि द्राक्षाच्या घडाला किंवा नारायणगावच्या बाजारासाठी लावलेल्या टोमॅटोच्या फुलोऱ्याला पाण्याची निकड भासण्याचा दिवस हे क्वचितच एकत्र येतात. आणि मधल्या दिवसांची तजवीज करण्यास, विहिरीचे पाणी चैत्रातच तळाशी गेले असता, शेततळ्यावाचून दुसरा आधार उरत नाही. सामूहिक शेततळी येथे आधीपासून होतीच. 2016 साली सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना काढल्यावर त्यांत आणखी भर पडली. परंतु तळे बांधण्याविषयी कचेरीपासून पारापर्यंत जितकी चर्चा होते, तितकी त्याच्या तळाशी साचणाऱ्या गाळाविषयी होत नाही, आणि या हयगयीपायी चांगल्या स्थितीतील तळी निकामी होताना मी पाहिली आहेत, सबब हा लेखनप्रपंच.

प्रथम हिशेब पाहावा. 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल अशा तळ्याचे काठ दीडास एक या उताराने बांधले, तर त्याचा तळ 21 मीटर चौरस राहतो आणि त्यात सुमारे वीस लाख लिटर पाणी मावते. त्या तळावर वाऱ्याने आलेली धूळ, कालव्याच्या पाण्यातील माती, मेलेले शेवाळ आणि बांधावरच्या झाडांचा पाला मिळून केवळ दहा सेंटीमीटरचा थर बसला, तरी तो 44 घनमीटर भरतो. जागा अडते ती थोडीच. खरी नुकसानी पुढे आहे. पाण्याची पातळी उतरली म्हणजे मोटर हा गाळ खेचू लागते, ठिबकची गाळणी तासातासाला धुवावी लागते, आणि जे सूक्ष्म कण गाळणीतून निसटतात ते नळीतील छिद्रे बुजवून ऐन उन्हाळ्यात बागेच्या ओळीच्या ओळी तहानेल्या ठेवतात.

घोड नदीच्या खोऱ्यातील माझ्या एका आप्तांच्या तळ्यावर जे घडले ते मी स्वतः पाहिले असल्यामुळे सांगतो. गाळ काढण्याचे काम त्यांनी एका टोळीस उक्ते दिले होते. टोळीच्या मुकादमाने पहिल्याच दिवशी दोन मोटरी लावून तळे रिकामे करविले, आणि घमेली व फावडी घेऊन माणसे आत उतरविली. वैशाखाचे ऊन उघड्या कागदावर पडलेले, दुपारनंतर वारा सुटलेला. त्या वाऱ्याने काठावरचा कागद फडफडू लागला आणि जेथे त्याची कड चरात नीट पुरलेली नव्हती तेथून तो उचलला गेला. संध्याकाळपर्यंत गाळ निघाला, तळ आरशासारखा स्वच्छ दिसू लागला, सर्वांनी समाधान मानले. तळे पुन्हा भरल्यावर मात्र पातळी रोज उतरू लागली, खालच्या बांधाची माती ओली दिसू लागली. आणि पाणी पुन्हा उपसून पाहिले तेव्हा फावड्याच्या पात्याने कागदाला जागोजाग पडलेल्या चिरा दृष्टीस आल्या. त्या वर्षीचे साठवलेले पाणी गेले ते गेलेच.

मुकादम अनाडी होता असे मी म्हणणार नाही. या मुलखात पाण्याची टाकी साफ करण्याची परंपरा फार जुनी आहे. नाणेघाटाच्या माथ्यावर, शिवनेरीच्या कड्यांत, जुन्नरभोवतीच्या लेण्यांच्या दारांशी कातळात खोदलेली टाकी आहेत, आणि लेण्यांबरोबर पाण्याची टाकीही दान दिल्याचे उल्लेख तेथील शिलालेखांत सापडतात. कातळाच्या टाक्यात किंवा खोदीव विहिरीत उन्हाळ्यात उतरावे, फावड्याने गाळ ओढावा, यारीने वर काढावा. दगडाचे त्यात काही बिघडत नाही. तीच रीत आपण विचार न करता शेततळ्याला लावतो. शेततळ्याचा तळ म्हणजे सामान्यतः 500 मायक्रॉनचा, अर्थात अर्ध्या मिलिमीटरचा एक पापुद्रा; पाणी धरून ठेवणारी वस्तू एवढीच, बाकी सर्व माती. पाण्याचा भार त्या पापुद्र्याला जमिनीशी दाबून ठेवतो, पाण्याचा थर त्याचे उन्हापासून रक्षण करतो. तळे पूर्ण रिकामे केले की ही दोन्ही संरक्षणे एकाच वेळी जातात. आणि आजूबाजूची जमीन पावसाने भिजलेली असेल तर खालून येणारे पाणी रिकाम्या कागदाला फुगवून वर उचलते, तो निराळाच अनर्थ.

म्हणून गाळ काढावा तो पाण्याखालूनच, शोषून. यासाठी मी जी पद्धत अवलंबितो ती अशी. पाणी कमरेइतके उरेल असा काळ निवडावा, आणि त्यापूर्वी काही दिवस तळ्यात पाणी सोडणे व मोटर चालविणे बंद ठेवून गाळ स्थिर होऊ द्यावा. तीन इंची लवचीक सक्शन पाइपाच्या टोकाला प्लास्टिकच्या नळाचा हातभर लांबीचा आडवा तुकडा जोडावा, त्याच्या खालच्या अंगास लांबट फट पाडावी, आणि फटीच्या कडा घासून गुळगुळीत करून त्यांवर जुन्या ट्यूबचे रबर बसवावे, म्हणजे कागदाला धार लागणार नाही. या तोंडास दोन्ही बाजूंनी दोर बांधून समोरासमोरच्या बांधांवर एकेक माणूस उभा करावा. एकाने ओढावे, दुसऱ्याने सैल सोडावे. अशा रीतीने कोणालाही पाण्यात न उतरविता तोंड तळाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेता येते.

शेततळे जमिनीपेक्षा उंच बांधलेले असेल तर पंपाचीही जरूर नाही. पाइप पाण्याने पूर्ण भरून, दोन्ही टोके बंद करून, बाहेरचे टोक तळ्यातील पाण्याच्या पातळीहून बरेच खाली ठेवावे आणि आतले टोक बुडाल्यावर दोन्ही उघडावीत. सायफन आपोआप चालू राहतो. पाइपात हवेचा बुडबुडा राहिला तर प्रवाह तुटतो, म्हणून पाइप भरण्याच्या कामात उतावीळ होऊ नये. सायफनास पुरेसा उतार नसेल तर बांधावर मड पंप ठेवावा. स्वच्छ पाण्याची मोटर या कामी लावल्यास तिचा पंखा मातीने झिजतो. दोर ओढताना हात अत्यंत संथ असावा. तोंड भराभर ओढले की गाळ शोषला जाण्याऐवजी उठतो, सारे पाणी गढूळ होते, आणि तो पुन्हा बसेपर्यंत वाट पाहत बसावे लागते. बाहेरच्या टोकाकडे लक्ष ठेवावे: काळे, दाट पाणी येत आहे तोवर तोंड त्याच जागी, फिकट होऊ लागले की वीतभर पुढे, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढता. गाळाच्या चौपट पाणी सोबत गेले असे धरले तरी ते पाणी भरल्या तळ्याच्या एक दशांशाहून कमीच भरते.

जुन्नर भागात कृषी पर्यटनासाठी ठिकठिकाणी जे छोटे पोहण्याचे तलाव झाले आहेत, त्यांच्या सफाईचे तत्त्व हेच आहे. तेथे चाकांचे शोषणतोंड लांब दांड्यास लावतात. पण होज आधी पाण्याने भरून मगच पंपाकडे जोडावी, अन्यथा पंप हवा धरतो. गाळ किंवा मेलेले शेवाळ पुष्कळ असेल तर फिल्टरची चावी ‘वेस्ट’वर ठेवून ते पाणी थेट बाहेर सोडावे, ते फिल्टरमधील वाळूतून फिरविले तर वाळू तुंबते आणि बारीक गाळ तलावात परत येतो. धूळ किरकोळ असेल तर फिल्टरमधून चालते, मात्र काम झाल्यावर बॅकवॉश करावे व पंपाची जाळी धुवावी.

आता जिवाच्या गोष्टीकडे वळतो. शेवाळलेल्या कागदावर उभा राहिलेला माणूस घसरला की, पोहता येत असले तरी, त्याला उतारावर पकड मिळत नाही. जितकी धडपड करावी तितका तो खाली सरकतो. वर सांगितलेल्या प्रसंगी चिखलात घसरलेल्या एका मजुरास दोर टाकून वर घ्यावे लागले, आणि तेव्हा तर तळे रिकामे होते. चारही काठांवर गाठी मारलेले जाड दोर, भक्कम खुंट्यांना बांधून, तळापर्यंत सोडलेले असावेत आणि ते बारमाही असावेत, कारण तळ्यात पडणारी मुले आणि जनावरे सफाईचा मुहूर्त पाहून पडत नाहीत. कुंपणाला दार व दाराला कडी हवी. एकट्याने काम करू नये. विजेची मोटर पाण्यात असेल तर तिचा पुरवठा मुख्य खटक्यापासून तोडावा. शेतीची वीज पाळीने रात्री आली म्हणून गाळाचे काम रात्री काढू नये: अंधारात काठ दिसत नाही, आणि या दोन तालुक्यांत उसाकडेच्या बांधावर बिबट्याची भीती आहे ती वेगळीच.

तळ्यात रोहू, कटला सोडले असतील तर एका दिवसात सर्व तळ खवळू नये. ढवळलेला गाळ पाण्यातील प्राणवायू खातो, आणि पहाटे तो मुळातच सर्वांत कमी असतो. म्हणून ऊन चांगले वर आल्यावर आरंभ करावा, रोज एक भाग घ्यावा, आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू लागले तर काम तत्काळ थांबवावे. तुरटीने पाणी निवळते खरे, पण मत्स्य असलेल्या तळ्यात तिची मात्रा चुकल्यास पाणी आम्ल होते. तेथे ती न वापरणेच इष्ट.

निघालेला गाळ शेजाऱ्याच्या चारीत सोडू नये. बांधालगत उथळ वाफे करून त्यात तो जिरू द्यावा. वाळल्यावर फोडून कांद्याच्या रानात किंवा द्राक्षाच्या ओळीत पसरला तर जमिनीस उपयोगी पडतो. आणि तळ्यात पाणी जेथून येते तेथे, पाइपाच्या तोंडाशी, पाच-सहा फूट लांबीचा पक्का हौद बांधून पाणी आधी त्यात पडू द्यावे व वरच्या कडेवरून संथपणे तळ्यात ओघळू द्यावे. कालव्याच्या पाण्यातील जड माती बहुतांशी तेथेच बसते, आणि तो हौद दगडविटांचा असल्यामुळे त्यात फावडे खुशाल चालवावे.