जलपर्णीचा चिमुकला शत्रू : एका नव्या भुंगेऱ्याची नोंद आणि तलावांचे आरोग्य

भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजातील कुशल शेतकऱ्यांनी उताराच्या जमिनीवर मातीच्या पाळी बांधून पावसाचे पाणी अडविले व धानाच्या शेतीला आधार दिला. पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेलेले हे तलाव मालगुजारी संपुष्टात आल्यानंतर शासनाकडे आले. लोकांच्या बोलण्यात ते आजही ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणून ओळखले जातात. भंडारा, १९९९ मध्ये त्यापासून वेगळा झालेला गोंदिया, तसेच चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. धानाचे ओलीत, ढिवर बांधवांची मासेमारी आणि गुराढोरांचे पाणी या तिन्ही गोष्टी त्यांवर अवलंबून आहेत. त्यामुळे तलावाच्या पृष्ठभागावर काय वाढते, हा प्रश्न गावाच्या अर्थव्यवस्थेचाच प्रश्न ठरतो.

हिरवे संकट

जलपर्णी ही मूळची दक्षिण अमेरिकेतील वनस्पती. तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने ती देशोदेशी नेण्यात आली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतातही पोहोचली. अनुकूल परिस्थितीत ती अवघ्या काही आठवड्यांत दुप्पट होते. वैनगंगेच्या पात्रात, विशेषतः गोसीखुर्द धरणाचे पाणी तुंबते त्या भंडारा शहराच्या परिसरात, तिचा दाट गालिचा लोकांच्या परिचयाचा झाला आहे.

या गालिच्याखाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही. पाण्यातील प्राणवायू कमी होतो, माशांची वाढ खुंटते, जाळे टाकणे व डोंगा चालविणे अशक्य होते आणि डासांना आश्रय मिळतो. मजूर लावून वनस्पती बाहेर काढली, तरी मागे राहिलेल्या तुकड्यांपासून ती पुन्हा वाढते. शिवाय तिचे बी गाळात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकते. तणनाशक फवारावे, तर तेच पाणी माणसे, गुरे व मासे वापरतात. अशा वेळी शास्त्रज्ञांनी एक साधा प्रश्न विचारला : ही वनस्पती तिच्या मायभूमीत इतकी माजत का नाही?

दोन भाऊ, दोन नावे

या प्रश्नाचे उत्तर दक्षिण अमेरिकेत सापडले. तेथे जलपर्णीवर उपजीविका करणारे अनेक कीटक आहेत. त्यांपैकी दोन सोंडे, म्हणजे लांब सोंड असलेले भुंगेरे, विशेष उपयुक्त ठरले. साठविलेल्या तांदळात दिसणारे सोंडे गृहिणींच्या परिचयाचे आहेत. हे त्याच मोठ्या गटातील असून त्यांची लांबी जेमतेम चार ते पाच मिलिमीटर असते.

त्यांपैकी नियोकेटिना ब्रुकाय या जातीचे वर्णन हुस्ताश या कीटकशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये केले होते. दुसरी जाती मात्र शास्त्राला नवी होती. अमेरिकेतील कीटकशास्त्रज्ञ रोझ एला वॉर्नर यांनी १९७० मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले व जलपर्णीच्या तत्कालीन शास्त्रीय नावावरून तिला नियोकेटिना आयकॉर्नी हे नाव दिले. दोन्ही भुंगेरे पाहताना सारखेच करडे-तपकिरी. परंतु पाठीवरील कठीण पंखांवर ज्या दोन गडद उंचवट्यांच्या रेषा असतात, त्या आयकॉर्नी जातीत लांब व पुढच्या बाजूस, तर ब्रुकाय जातीत आखूड व मध्यभागाजवळ असतात.

प्रौढ भुंगेरा रात्री पाने कुरतडतो व त्यांवर लहान गोलसर डाग पडतात. मादी पानांच्या देठांत अंडी घालते. अळ्या देठ पोखरीत रोपाच्या गाभ्यापर्यंत पोहोचतात. पूर्ण वाढलेली अळी पाण्याखालील मुळांवर कोष करते. पोखरलेल्या रोपात पाणी शिरते, ते सडते आणि बुडते. या कीटकांमुळे शेतीच्या पिकांना धोका नाही, याची चाचण्यांद्वारे खात्री करून घेतल्यावर १९८२ ते १९८४ या काळात ते भारतात आणण्यात आले. बंगलोर परिसरातील तलावांत त्यांनी काही वर्षांत जलपर्णी मोठ्या प्रमाणावर आटोक्यात आणली.

नव्या जातीचे वर्णन कसे होते?

जगात भुंगेऱ्यांच्या साडेतीन लाखांहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. त्यामुळे ‘ही जाती नवी आहे’ असे म्हणण्यापूर्वी जवळच्या सर्व ज्ञात जातींशी ती ताडून पाहावी लागते. सूक्ष्मदर्शकाखाली सोंडेची लांबी, स्पर्शिकांचे सांधे, पंखांवरील खाचा व खवले यांची मापे घेतली जातात. पुष्कळदा बाह्यरूप इतके सारखे असते, की जननेंद्रियांची रचना तपासल्यावाचून निर्णय देता येत नाही.

त्यानंतर एक नमुना त्या जातीचा प्रमाण नमुना म्हणून निश्चित करून संग्रहालयात जतन केला जातो. पुढे शंका उद्भवल्यास त्याच्याशीच तुलना करावयाची असते. लिनियस यांच्या १७५८ च्या ग्रंथापासून प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची गणना सुरू होते आणि एका जातीला एकच ग्राह्य नाव हा त्यातील मूलभूत नियम आहे. सातबाराच्या उताऱ्यावाचून जमिनीचा व्यवहार होत नाही. तशीच शास्त्रात ही नोंद असते.

नाव चुकल्याची किंमत

ही नोंद केवळ पांडित्याची बाब नाही, हे साल्विनिया मोलेस्टा या दुसऱ्या तरंगत्या तणाच्या इतिहासावरून पटते. केरळात ‘आफ्रिकन पायल’ या नावाने कुप्रसिद्ध असलेले हे तण प्रारंभी साल्विनिया ऑरिक्युलाटा समजले जात होते. म्हणून त्या वनस्पतीवरील सिर्टोबॅगस सिंग्युलॅरिस हा भुंगेरा आफ्रिकेत व फिजी बेटांत सोडण्यात आला. परंतु त्याचा फारसा उपयोग झाला नाही. तण ही स्वतंत्र जाती असल्याचे १९७२ मध्ये मिचेल यांनी दाखवून दिले. त्यानंतर तिच्या खऱ्या मायभूमीचा, आग्नेय ब्राझीलचा, शोध लागला.

तेथे सापडलेला दोन मिलिमीटरांच्या आसपास लांबीचा भुंगेराही प्रथम सिंग्युलॅरिसच मानला गेला. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातील मून्डारा जलाशयात तो सोडण्यात आला आणि सुमारे वर्षभरात तेथील जवळजवळ २०० हेक्टरांवरील तण त्याने नष्ट केले. एकाच जातीचा कीटक एके ठिकाणी निष्फळ आणि दुसरीकडे इतका प्रभावी कसा? बारकाईने तपासणी केल्यावर तो वेगळी जाती असल्याचे सिद्ध झाले. १९८५ मध्ये काल्डर व सँड्स यांनी त्याला सिर्टोबॅगस साल्विनी असे नाव दिले. त्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात व प्रौढ कोवळे अंकुर खातात. त्यातच त्याच्या यशाचे रहस्य आहे. भारतातही हा भुंगेरा केरळात उपयोगी पडला. अलीकडे मध्य प्रदेशातील कटनी जिल्ह्यातील तलावात जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने त्याचा यशस्वी प्रयोग केला.

मर्यादा

भुंगेरे हा जादूचा उपाय नव्हे. त्यांच्या कार्याला महिने नव्हे, तर वर्षे लागू शकतात. उन्हाळ्यात तलाव आटला, तर मुळांवरील कोष नष्ट होऊन कीटकांची साखळी तुटते. पुरात रोपांबरोबर कीटकही वाहून जातात. एकाच वेळी सर्वत्र तणनाशक फवारल्यास अन्न नष्ट झाल्याने त्यांचाही नाश होतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सांडपाण्यातून नत्र व स्फुरद येतच राहिले, तर जलपर्णीची वाढ कीटकांच्या भुकेवर मात करते. सांडपाणी रोखल्याविना कोणताही उपाय टिकणार नाही.

गावाने काय करावे?

ग्रामपंचायतीने दरवर्षी पावसाळ्यानंतर प्रत्येक तलावावरील जलपर्णीचे क्षेत्र व ठिकाण यांची नोंद ठेवावी. तण थोडे असतानाच ते उपटून पाण्यापासून दूर, पाळीपलीकडे खड्ड्यात कुजवावे. त्याचे उत्तम खत होते. क्षेत्र मोठे असल्यास कृषी विभागामार्फत जबलपूरचे संचालनालय किंवा बंगळूर येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो यांचा सल्ला घ्यावा. मच्छीमार सहकारी संस्थांना या निर्णयात सहभागी करून घेणे अगत्याचे आहे. अनोळखी कीटक कोणीही परस्पर आणून सोडू नयेत.

शिक्षकांना यात मोठे कार्य आहे. विद्यार्थ्यांनी जलपर्णीच्या पानांवरील गोल डाग शोधावेत, ते किती पानांवर आहेत हे मोजावे. सापडलेला कीटक जतन करताना स्थळ, दिनांक, वनस्पती व संग्राहकाचे नाव लिहिलेली चिठ्ठी त्याला जोडावी. अशा चिठ्ठीवाचून सुंदर नमुनाही शास्त्राच्या दृष्टीने मुका असतो. शंका आल्यास नमुना पुण्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राकडे तपासणीसाठी पाठविता येतो.

पूर्वजांनी पाळी बांधताना मातीचा प्रत्येक थर पारखून घेतला होता. तलाव राखणाऱ्या आजच्या पिढीला पाण्यावरच्या पानाची व त्या पानावरच्या किड्याचीही तशीच पारख असावयास हवी.