पोट उतरवा, मांड्या राखा

भिलाईत वजन उतरवायचं ठरलं की पहिली कुऱ्हाड भातावर पडते आणि दुसरी रात्रीच्या जेवणावर. दोन-तीन महिन्यांत काटा खाली येतो, पण लोक विचारायला लागतात, "तब्येत बरी नाही का?" गाल बसलेले, दंड सैल, पोट मात्र जागच्या जागी. उपाशी शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खातं आणि ज्या स्नायूला काम नाही तो आधी जातो. म्हणून या कृतीत आधी व्यायाम, मग प्रथिनं आणि भाताचा नंबर त्यानंतर. हा क्रम उलटा करू नका. मूत्रपिंडाचा विकार असेल, इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेलेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच नको.

सुरुवात टेपने करा. सकाळी, पोट रिकामं असताना, श्वास सोडून बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. आपल्या लोकांसाठी पुरुषांना 90 सेंटिमीटर आणि बायकांना 80 ही धोक्याची रेघ मानतात. नुसत्या वजनावर का विसंबू नये, हे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःच्याच शरीरावरून दाखवलं. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीचा, हा आपल्याकडचा नेहमीचा घाट आहे. अशा माणसाने फक्त खाणं तोडलं तर आधीच कमी असलेला स्नायू आणखी घटतो. तेव्हा एका वहीत तीन गोष्टी लिहा: कंबर, आठवड्याचं सरासरी वजन आणि न थांबता किती जोर निघतात तो आकडा.

आता व्यायाम. आठवड्यातून तीन दिवस, मधे एकेक दिवस सोडून, चाळीस-पन्नास मिनिटं पुरतात. जिमला जात असाल तर उत्तम, नसाल तर मुलांची जुनी शाळेची पिशवी काढा. तिच्यात पाच किलो तांदळाच्या दोन थैल्या घट्ट बसवा, म्हणजे पिशवी हलणार नाही. ती छातीशी कवटाळून बैठक मारा: टाचा जमिनीवर, गुडघे पंजांच्या दिशेने, खाली जायला तीन सेकंद, वर येताना जोर. मग तीच पिशवी हातात धरून कमरेत वाका, पाठ सरळ ठेवा आणि पिशवी बेंबीकडे ओढा. यानंतर जोर: जमत नसतील तर हात खाटेच्या कडेवर, जमायला लागले की जमिनीवर, तेही सोपे वाटले की पाय खाटेवर. शेवटी पाण्याचा 20 लिटरचा भरलेला कॅन गुडघे किंचित वाकवून, कमरेतून झुकून उचला आणि ठेवा. प्रत्येक प्रकाराचे तीन फेर, फेरात आठ ते बारा वेळा. आणखी दोनच निघतील असं वाटलं की थांबा. बारा सहज व्हायला लागले की पिशवीत एक-दोन किलो वाढवा.

पाचशे बैठकांचा आकडा चारचौघांत सांगायला बरा, त्याने दम वाढतो. स्नायू राखायला मात्र ओझं लागतं. चरबी उतरवायच्या काळात "हलकं वजन, जास्त वेळा" हा सल्ला जिममध्ये सर्रास मिळतो, तो कानाआड करा. थकवा आला तर एक फेर कमी करा, वजन नाही.

"स्टील प्लांटमध्ये दिवसभर राबतो, मला व्यायाम कशाला?" असंही ऐकू येतं. रोजचं ओझं तेवढंच असलं की शरीर त्याला सरावतं. शिवाय आता कित्येकांची ड्यूटी कंट्रोल रूमच्या खुर्चीत जाते. व्यायाम नसलेल्या दिवशी टाउनशिपच्या झाडांच्या रस्त्यांवर अर्धा-पाऊण तास चाला, उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत. लांब पळण्याची गरज नाही.

आता ताट. रोजच्या तब्येतीसाठी आयसीएमआर-एनआयएनने किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिन सांगितलं आहे. चरबी उतरवताना ते 1.6 ग्रॅमपर्यंत न्यावं. वजन बरंच जास्त असेल तर जिथे पोहोचायचं त्या वजनावर हिशेब करा. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात 2016 साली 40 तरुणांवर प्रयोग झाला. चार आठवडे खाणं सगळ्यांचंच खूप कमी, व्यायाम कडक. किलोमागे 2.4 ग्रॅम प्रथिन खाणाऱ्यांची चरबी 4.8 किलो उतरली आणि चरबी सोडून उरलेलं वजन उलट 1.2 किलो वाढलं. 1.2 ग्रॅमवाल्यांची चरबी 3.5 किलो गेली, बाकीचं वजन जेमतेम टिकलं.

आपली अडचण अशी की पातळ वरणाची वाटी हेच आपल्याला प्रथिन वाटतं. ती चार-पाच ग्रॅमच्या वर जात नाही. शाकाहारी घरात दिवस असा जमतो: सकाळी 40 ग्रॅम चण्याचं सत्तू ताकात आणि पेलाभर दूध. दुपारी घट्ट वरण, दोन पोळ्या, मोठी वाटी दही. संध्याकाळी 50 ग्रॅम सोयाबीन वडी भिजवून, पिळून, कांद्यावर परतून. या एकाच पदार्थात 26 ग्रॅम मिळतात. रात्री मोठ किंवा बरबटीची उसळ, 100 ग्रॅम पनीर, एक पोळी. मधे मूठभर फुटाणे. सगळं मिळून 100 ग्रॅमच्या आसपास जातं. अंडी चालत असतील तर तीन अंड्यांत 18. शेजारच्या छत्तीसगढी घरातून चिला येतो, तो तांदळाऐवजी मूगडाळीचा करा. उन्हाळ्यातलं बोरे बासी, म्हणजे पाण्यात भिजवलेला शिळा भात, सोडायची गरज नाही, भात निम्मा घ्या आणि दही वाढवा. तिवरा, म्हणजे आपली लाखोळी, मात्र स्वस्त प्रथिन म्हणून रोज खाऊ नका. तिच्यातल्या विषारी घटकाने, महिनोन् महिने तेच मुख्य अन्न झालं तर, पाय लुळे पडतात.

असे दोन आठवडे गेले की मगच खाणं कमी करा, दिवसाला 300 ते 500 कॅलरी. पाच कप चहातली दोन-दोन चमचे साखर साधारण 200 ची होते. फोडणीचं एक मोठा चमचा तेल 120 चं आणि 100 ग्रॅम शिजलेला भात 130 चा. हिशेब इथेच बसतो. वजन आठवड्याला अर्धा ते पाऊण टक्का उतरावं, म्हणजे 80 किलोच्या माणसाचं 400 ते 600 ग्रॅम. नॉर्वेच्या खेळाडूंवरच्या 2011 सालच्या अभ्यासात आठवड्याला 0.7 टक्के उतरवणाऱ्यांचा स्नायू वाढला, दुप्पट घाई करणाऱ्यांचा वाढला नाही.

पाळीवाल्यांना खरा मार बसतो तो झोपेचा. शिकागोच्या 2010 सालच्या प्रयोगात त्याच दहा माणसांना एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास झोपायची मुभा दिली, कॅलरी तेवढ्याच कमी. वजन दोन्ही वेळा जवळपास सारखंच उतरलं, पण कमी झोपेत चरबी 55 टक्क्यांनी कमी गेली. बाकीचं वजन स्नायूंसकट शरीराच्या इतर भागातून गेलं. तेव्हा नाइट असेल तर मुख्य जेवण ड्यूटीआधी घरी उरका. मध्यरात्री कँटीनच्या समोशाऐवजी उकडलेली अंडी किंवा फुटाणे आणि ताक. घरी आल्यावर थोडं खाऊन, जाड पडदा ओढून, फोन बाहेरच्या खोलीत ठेवून झोपा. व्यायाम उठल्यावर करा, नाइटहून आल्या आल्या नको. पाळी बदलते त्या दिवशी तर सुट्टीच घ्या.

दर दोन आठवड्यांनी वही उघडा. कंबर उतरतेय आणि वजन तिथेच आहे, तर काही बदलू नका. वजन भराभर जातंय आणि जोरही कमी निघताहेत, तर एक पोळी परत घ्या. तीन आठवडे कंबर आणि वजन दोन्ही हललं नाही, तर आणखी एक चमचा तेल काढा. दहा-बारा आठवड्यांनी दोन आठवडे पोटभर जेवा, व्यायाम तसाच ठेवा आणि पुढची फेरी गणपती-दिवाळी बघून ठरवा.