अंगणात सरसकट फरशी नको

प्रश्न : पावसाळ्यात अंगणात चिखल होतो, उन्हाळ्यात ते तापते. संपूर्ण सिमेंट करावे का? (एक वाचक, आसगाव, ता. पवनी)

उत्तर : सिमेंटने चिखल जाईल, पण मे महिन्यातले अंगण रात्रीही धग सोडत राहील. शिवाय पाणी मुरणार नाही, ते घराच्या जोत्याकडे वळेल.

आधी उतार पाहावा. घरापासून बाहेरच्या बाजूला दर 10 फुटांना दीड-दोन इंच उतार पुरतो. त्यावर मुरूम धुमसून बसवावा आणि फक्त येण्याजाण्याच्या वाटेवर फरशी टाकावी.

खरा प्रश्न छपराच्या पाण्याचा आहे. 100 चौरस मीटर छपरावर 10 मिलिमीटर पाऊस पडला, की सुमारे 1000 लिटर पाणी उतरते. ते पन्हळीने सांदवाडीतल्या (परसातल्या) शोषखड्ड्यात न्यावे. खड्डा जोत्यापासून आणि विहिरीपासून दूर असावा. याच भंडारा जिल्ह्यात कोहळी समाजाने मालगुजारी तलाव बांधले, तेही वाहून जाणारे पाणी अडवण्यासाठीच.

सावलीसाठी पश्चिमेला कडुनिंब लावावा, भिंतीपासून किमान 15 फुटांवर. तो वाढेपर्यंत दोडक्याचा मांडव उत्तम. शेवगा बसायच्या जागेवर नको, त्याच्या फांद्या वाऱ्याने मोडतात.

उताराचे काम मात्र पावसाळ्यापूर्वीच उरकून घ्या.