तबकडी खरोखर कोरी कशी करावी?

शाळा, ग्रामपंचायती आणि तालुक्याची कार्यालये यांच्या कपाटांतून आजही संगणकीय तबकड्यांचे गठ्ठे सापडतात. कोणावर लाभार्थ्यांच्या याद्या आहेत, कोणावर परीक्षेचे निकाल, तर कोणावर वेतनपत्रके. नव्या संगणकांत तबकडीचे यंत्र बहुधा नसते. ते वेगळे आणून जोडावे लागते. त्यामुळे या तबकड्या कोणास तरी देऊन टाकण्याचा अथवा पुन्हा वापरात आणण्याचा विचार स्वाभाविकपणे पुढे येतो. अशा वेळी ‘पुसून टाकली’ असे म्हणून हातावेगळी केलेली तबकडी प्रत्यक्षात पुसली गेलेली असतेच असे नाही. विद्यार्थ्यांचे पत्ते किंवा एखाद्या निराधार महिलेचा बँक खाते क्रमांक परक्या हाती जाण्यास एवढे अज्ञान पुरेसे होते.

प्रथम तबकडीची जात ओळखावयास हवी. साध्या ‘सीडी-आर’ तबकडीत रंगद्रव्याचा थर असतो. लेसर किरणाने तो एकदा पोळला की पूर्ववत होत नाही; सबब ती पुसता येत नाही. पुसता येते ती ‘सीडी-आरडब्ल्यू’, म्हणजे पुनर्लेखनक्षम तबकडी. ही १९९७ साली बाजारात आली. तिच्यात रंगद्रव्याऐवजी चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांच्या मिश्रधातूचा अत्यंत पातळ थर असतो. तबकडीच्या दर्शनी भागावर ‘रिरायटेबल’ असे छापलेले असते, व खालची बाजू करड्या झाकेची दिसते.

या मिश्रधातूचा गुण मोठा विलक्षण आहे. तीव्र लेसर किरणाने त्याचा सूक्ष्म बिंदू सुमारे ५०० ते ७०० अंश सेल्सियसपर्यंत तापून वितळतो आणि लगेच थिजतो. थिजताना कणांना रांगेत बसण्यास अवधी मिळत नाही. तो बिंदू अस्फटिकी राहतो व प्रकाश कमी परावर्तित करतो. तोच बिंदू मध्यम शक्तीच्या किरणाने सुमारे २०० अंशांपर्यंत तापविला, तर कण पुन्हा स्फटिकरूपाने जुळतात आणि जागा पूर्ववत उजळ होते. पहिली क्रिया लेखनाची, दुसरी पुसण्याची. ही उलटसुलट क्रिया सुमारे एक हजार वेळा करता येते, असे मानले जाते.

आता मुख्य प्रश्न. तबकडी पुसण्याचे दोन प्रकार आहेत. झटपट प्रकारात यंत्र केवळ आरंभीचा भाग, म्हणजे माहितीची अनुक्रमणिका असलेले वर्तुळ पुसते. एक-दोन मिनिटांत काम होते व संगणक ‘तबकडी कोरी आहे’ असे सांगतो. मजकूर मात्र जागच्या जागी राहतो. विशेष खटाटोप करणाऱ्यास तो परत वाचता येऊ शकतो. ग्रंथालयाची सूची फाडली म्हणून कपाटातील पुस्तके नाहीशी होत नाहीत, तसाच हा प्रकार. तबकडीवरील फाइली नुसत्या ‘डिलीट’ करणे तर याहूनही वरवरचे आहे.

संपूर्ण पुसण्यात लेसर किरण आतून बाहेरपर्यंत सर्व मार्ग चालतो. हा सर्पिल मार्ग उलगडला तर पाच किलोमीटरहून अधिक लांब भरेल! साहजिकच वेळ लागतो. ऐंशी मिनिटांची तबकडी चौपट वेगाने पुसावयास सुमारे वीस मिनिटे लागतात, दहापट वेगाने आठ मिनिटांच्या आसपास. पुसलेली तबकडी दोन्ही प्रकारांत कोरीच दिसत असल्याने घड्याळ हीच येथे सोपी कसोटी होय. काम मिनिटभरात आटोपले असेल, तर ते झटपटच झाले असे समजावे.

विंडोज संगणकावर तबकडीच्या चिन्हावर उजवी कळ दाबली असता ‘इरेज धिस डिस्क’ असा पर्याय दिसतो; परंतु संपूर्ण की झटपट, हे निवडण्याची मुभा तेथे मिळत नाही. त्यासाठी ‘इमेजबर्न’सारखी आज्ञावली वापरून ‘फुल’ हा प्रकार निवडावा. लिनक्सवरील ‘सीडीरेकॉर्ड’ आज्ञेत ‘ब्लँक’ या शब्दापुढे ‘फास्ट’ऐवजी ‘ऑल’ लिहावे लागते. काम चालू असता वीज गेल्यास तबकडी अर्धवट स्थितीत अडकते आणि यंत्र ती ओळखण्यास नकार देते. तीच क्रिया पुन्हा आरंभापासून केल्यास ती बहुधा मार्गावर येते. तथापि भारनियमन असलेल्या गावी वेळ पाहूनच हे काम काढलेले बरे. अतिवेगाच्या तबकड्या जुन्या यंत्रांत लिहिता वा पुसता येत नाहीत, हेही ध्यानी असावे. अनेकदा दोष तबकडीचा नसून यंत्राच्या वयाचा असतो.

डीव्हीडीच्या बाबतीत थोडा घोळ आहे. ‘डीव्हीडी-आरडब्ल्यू’ वरीलप्रमाणेच दोन्ही प्रकारे पुसता येते. झटपट पुसलेल्या अशा तबकडीवर नंतर एकाच दमात सर्व लेखन करावे लागते, थोडे थोडे भरता येत नाही. ‘डीव्हीडी+आरडब्ल्यू’ला, म्हणजे नावात अधिक चिन्ह असणाऱ्या तबकडीला, पुसण्याची वेगळी क्रियाच नाही, जुन्यावर नवे लिहिले जाते. तिच्यावर ‘फॉर्मेट’ केले म्हणजे मजकूर गेला, हा समज चुकीचा आहे. ती निरुपयोगी मजकुराने अथवा शून्यांनी काठोकाठ भरणे हाच तिच्यावरील खात्रीचा उपाय.

कार्यालयीन तबकडी हाती घेण्यापूर्वी आणखी एक बाब तपासावयास हवी. तिच्यावरील मजकूर जतन करावयाचा अभिलेख असेल, तर तो पुसण्याचा अधिकार मेजावर बसलेल्या कर्मचाऱ्यास नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ लागू असलेल्या कार्यालयांत अभिलेखांचा नाश विहित कार्यपद्धतीनेच व्हावा लागतो. म्हणून आधी नोंदवही, मग तबकडी. आणि मजकूर अतिशय गोपनीय असेल, किंवा ओरखड्यांमुळे यंत्र तबकडी शेवटपर्यंत वाचूच शकत नसेल, तर पुसण्याच्या भरीस न पडता ती तुकडे करणाऱ्या यंत्रात घालावी. हाताने मोडावयाची झाल्यास कापडात गुंडाळून मोडावी. तिच्या कपच्या डोळ्यांत उडतात.